नोंद तिसरी: लाल वाफा दिवेलागणीला गायब होतो

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की रंगांचा आराखडा पक्का झाला. तो आराखडा रद्द समजा.

घरामागचा हा 40 फूट बाय 25 फुटांचा तुकडा मी कागदावर आखला तो भर दुपारी, बागांची चित्रं पुढ्यात पसरून. प्रत्यक्षात मी बागेत पोचते शुक्रवारी दिवेलागणीला. पायरीवर बसून बाग बघायची ती तेव्हाच. शनिवार-रविवारी मान खाली, हातात खुरपं. तेव्हा बाग कुठली दिसतेय, तण दिसतं.

मधला वाफा मी गर्ट्रूड जेकिल या इंग्रज बागरचनाकार बाईच्या पद्धतीने लावला होता. बाई आधी चित्रकार. दृष्टी फार अधू झाल्यावर तिने रंगांचं सगळं ज्ञान मातीत उतरवलं. मन्स्टेड वुड या तिच्या घरच्या बागेतल्या मोठ्या वाफ्यात दोन्ही टोकांना राखाडी, निळे, फिके पिवळे असे थंड रंग असत आणि मध्याकडे जाताना ते तापत तापत नारिंगी, लाल होत. तिचा वाफा सुमारे 200 फूट लांब. माझा 18. दीर्घ आलाप दोन मात्रांत कोंबावा तसं झालं, पण तेवढं चाललं असतं. खरी पंचाईत उजेडाची निघाली. मधोमध लाल कर्दळ आणि पुढे लाल साल्व्हिया लावलेला. सूर्य टेकला की तिथे चक्क काळं भोक पडतं. आणि कोपऱ्यातल्या वेलावरची निळी गोकर्ण, जिच्याकडे दुपारी ढुंकूनही बघत नाही, ती तेवढ्यात दिवा लावल्यासारखी उजळते.

हे पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच टिपलं होतं. उजेड कमी झाला की डोळा वेगळ्या पेशींवर विसंबतो. त्या पेशींना निळसर-हिरवा उजेड सर्वात चांगला कळतो आणि लाल जवळजवळ कळतच नाही. म्हणजे कर्दळीचा दोष शून्य.

लावणी करण्याआधी हे तपासायची सोपी युक्ती आहे, मला उशिरा सुचली. चित्रकार डोळे किलकिले करून गडद-फिकं बघतात तसं बघा, किंवा फोनवर कृष्णधवल फोटो काढा. माझ्या फोटोत लाल फुलं आणि त्यांचीच पानं एकाच करड्या रंगाची निघाली. वाफा दुपारीसुद्धा फक्त रंगावर तरलेला होता, उजेड-सावलीचा खेळ त्यात नव्हताच.

तर कर्दळीचे कंद उकरून पूर्वेच्या कडेला हलवले, सकाळच्या उन्हात शोभतील. मधे आता तगर, निशिगंध, पांढरी सदाफुली आणि खाली राखाडी पानांचा दवणा. इंग्रज लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्टने सिसिंगहर्स्ट या आपल्या घरची पांढरी बाग मनात रंगवली तीही संधिप्रकाशातलीच, त्यामुळे उसनवारी चांगल्या घरची आहे. निव्वळ पांढरं मात्र मला सुतकी वाटतं, म्हणून गोकर्णीचा वेल मधे आणून काठीवर चढवलाय.

आता आजीची गुलबक्षी. तिच्या जुन्या अंगणातून आणलेल्या मिरीसारख्या काळ्या बियांपासून केलेली. दुपार कलल्यावर उमलते, अंधार पडला की लांब सोंडेचे पतंग येतात, तेव्हा माझ्या वेळापत्रकात ती चपखल बसते. गेल्या हंगामात एका झाडावर पांढऱ्या शिंतोड्यांची पानं दिसली. एक फांदी पूर्ण हिरवी, एक चट्टेरी आणि एक बारीक फांदी अगदी पांढरी. कार्ल कोरेन्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1909 मध्ये याच झाडावर दाखवलं की पानांचा हा रंग परागावर अवलंबून नसतो. बी ज्या फांदीवर धरलं त्या फांदीचा वारसा त्याला मिळतो. हिरव्या फांदीचं रोप हिरवं, पांढरीचं पांढरं, आणि चट्टेरीची तिन्ही प्रकारची. फुलांचा रंग मात्र आई-बाप दोघांकडून येतो. लाल आणि पांढऱ्याचा संकर केला तर पहिली पिढी गुलाबी.

मी फांद्यांना तीन रंगांचे दोरे बांधून बिया वेगळ्या ठेवल्या होत्या. पावसाळ्याआधी पेरल्या. हिरव्या दोऱ्याच्या सगळ्या हिरव्या उगवल्या. पांढऱ्या दोऱ्याच्या दोनच बिया मिळाल्या होत्या, दोन्ही रोपं कागदासारखी पांढरी आली आणि बियांतली शिदोरी संपल्यावर मान टाकून गेली. हरितद्रव्यच नाही, तर जगणार कशावर? चट्टेरी फांदीच्या नऊ बियांपैकी पाच हिरवी, तीन चट्टेरी, एक पांढरं.

गडग्याची, म्हणजे नुसते दगड रचून केलेल्या कुंपणभिंतीची, बातमी वाईट आहे. पहिल्याच मोठ्या पावसात मधला चार फूट भाग बसला. दगडांचे सांधे एकावर एक येऊ दिले नव्हते, दोन्ही बाजूंना आत झुकता कलही ठेवला होता. चूक पोटात होती. दोन दर्शनी थरांमधल्या पोकळीत चिपा भरायच्या, तिथे कंटाळून मी माती लोटली. ती वाहून गेली आणि दगड सुटले. पडलेल्या भागातून पलीकडचं एकटं मोठं झाड अनपेक्षितपणे चौकटीत आल्यासारखं दिसतंय. जपानी बागांत असं बाहेरचं दृश्य मुद्दाम उसनं घेतात, माझं पावसाने फुकट दिलं. तेवढी जागा कमरेएवढीच ठेवायचा विचार आहे.

टाकीतली कुमुदिनी रुसलीय. हौसेने बसवलेलं कारंजं काढून टाकलं, तिला पानांवर सतत पाणी उडालेलं चालत नाही.

चट्टेरीची तिन्ही रोपं वेगळ्या कुंड्यांत हलवलीत. पांढऱ्याला अजून दोन पानं आहेत, शुक्रवारपर्यंत टिकलं तर फोटो काढीन.