तुम्ही विचारलंत म्हणून: लॉरेन्स ब्राउनच का?

ट्रॉम्बोन, म्हणजे नळी मागेपुढे सरकवून वाजवायचं पितळी वाद्य, खाली ठेवून मला बरीच वर्षं झाली, तरी जुन्या वादकांच्या मेळाव्यात किंवा शिकायला येणाऱ्या मुलांकडून एक प्रश्न अजूनही येतो. आवडता ट्रॉम्बोनवादक कोण, असं विचारलं की मी अमेरिकन जॅझवादक लॉरेन्स ब्राउन यांचं नाव घेतो आणि समोरचा चकित होतो. जॅक टीगार्डन नाही, जे. जे. जॉन्सन नाही, ब्राउन ज्यांच्याकडे वाजवत त्या ड्यूक एलिंग्टन यांच्याच बँडमधले ट्रिकी सॅम नॅन्टनही नाहीत. ज्यांनी आपल्या बँडप्रमुखाबद्दल जन्मभर कुरकुर केली, तेच कसे काय? या प्रश्नाला मी आजवर तीन-चार निरनिराळी उत्तरं दिली आहेत आणि त्यांतलं एकही पुरतं खरं नव्हतं.

आधी एक गैरसमज दूर करतो. १९६३ साली अमेरिकी सरकारने आखलेल्या दौऱ्यात एलिंग्टन यांचा बँड मुंबईत वाजवून गेला आणि ब्राउन त्यात होते, म्हणून मी त्यांना प्रत्यक्ष ऐकलं असणार असं अनेकजण धरून चालतात. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि कोल्हापुरात वडिलांच्या मागे वरातीतून चालत होतो. वडील लग्नाच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवत आणि नाट्यगीतातली मींड सरकत्या नळीवर अशी ओढत की लोक वरात थांबवून ऐकत. ब्राउन मला ऐकायला मिळाले ते पुष्कळ पुढे, दादरला एका सहवादकाच्या खोलीवर, घासून पांढऱ्या पडलेल्या रेकॉर्डवर.

ते गाणं होतं १९३८ सालचं ‘रोज ऑफ द रिओ ग्रांद’. त्यातला ब्राउन यांचा सोलो ऐकून मी रेकॉर्डची सुई उचलून पुन्हा मागे ठेवली, कारण माझा कानांवर विश्वास बसला नाही. ट्रॉम्बोनला बटणं नसतात; एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना नळी सरकवावी लागते आणि मधली घसरण ऐकू येऊ द्यायची नसेल तर जीभ आणि मनगट यांनी एकाच क्षणी काम करावं लागतं. ब्राउन यांच्या वादनात प्रत्येक सूर वेगळा, गोल आणि तरी शेजारच्याला चिकटलेला असतो. लहानपणी ऐकलेल्या चेलोचा, म्हणजे व्हायोलिनच्या मोठ्या, खोल आवाजाच्या भावंडाचा आवाज ट्रॉम्बोनमधून का काढता येऊ नये, असं त्यांना वाटे. वडील जी घसरण अभिमानाने दाखवत, ती या माणसाने झाकली होती.

आता आक्षेपाकडे येतो. तो सोलो ते वर्षानुवर्षं जवळपास जसाच्या तसा वाजवत राहिले. तरुणपणी मी यावर ठसक्यात सांगत असे की बंदिश ती बंदिशच, ती रोज नवी कशाला हवी? हे उत्तर चतुर होतं, पण लंगडं होतं. आपल्याकडे बंदिश तीच ठेवून विस्तार रोज नवा करतात, आणि इथे विस्तारच पाठ झालेला होता. जॉन हॅमंड यांच्यासारख्या समीक्षकाने तर हा वादक या बँडमध्ये शोभत नाही असं म्हटलं होतं. त्यांच्या काही संथ तुकड्यांत साखर जास्त पडली आहे, हे मीही मान्य करतो. फक्त हॅमंड यांच्याशी सहमत होण्याची माझी तयारी नाही.

श्रेयाचाही एक वाद आहे. १९३३ सालच्या ‘सॉफिस्टिकेटेड लेडी’मधली मुख्य चाल आपली, असं ब्राउन सांगत आणि नाव लागलं ते एलिंग्टन, त्यांचे व्यवस्थापक मिल्स आणि गीतकार पॅरिश यांचं. तुम्ही रचनाकार नव्हे, संकलक आहात, असं एलिंग्टन यांना तोंडावर ऐकवल्याचंही त्यांनी पुढे सांगितलं. मला यात कोणाचीच बाजू घ्यायची नाही, कारण माझं कारण दुसरीकडे आहे.

ते कारण म्हणजे प्लंजर. बेसिन तुंबल्यावर वापरतात त्या रबरी पंपाची वाटी. नॅन्टन वाद्याच्या तोंडात एक छोटा म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच घालत आणि वरून ही वाटी उघडझाप करत माणूस बोलल्यासारखा, रडल्यासारखा आवाज काढत. १९४६ साली ते दौऱ्यावरच वारले. ब्राउन १९५१ साली सॅक्सोफोनवादक जॉनी हॉजेस यांच्याबरोबर बँडमधून बाहेर पडले, १९६० साली परतले आणि मग ही वाटी त्यांच्याही हातात आली. दारू-सिगारेटला न शिवणारा, पाद्र्याचा मुलगा असलेला, चेलोचा आवाज काढू पाहणारा हा माणूस पन्नाशी उलटल्यावर मनाविरुद्ध दुसऱ्याचा आवाज वाजवू लागला.

माझ्या बाबतीत हे १९८४ साली घडलं. एका चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचं रेकॉर्डिंग होतं. पडद्यावर एक जाडा माणूस चिखलात घसरून पडतो आणि ट्रॉम्बोनने ‘वाऽ वाऽ वाऽ वाऽऽ’ करायचं, एवढंच काम. म्यूट कोणाकडेच नव्हता, म्हणून पोऱ्याला हार्डवेअरच्या दुकानात पिटाळलं. त्याने पंप आणला आणि मी त्याचा लाकडी दांडा पिळून काढला. वाटीला नव्या रबराचा उग्र वास येत होता. नेमके त्या दिवशी वडील कोल्हापूरहून मुलाचं काम बघायला आले होते आणि काचेपलीकडे बसले होते. अकरा टेक झाले. प्रत्येक टेकला तो जाडा माणूस पडला, प्रत्येक टेकला संगीतकार म्हणाले, “अजून फजिती येऊ दे,” आणि प्रत्येक टेकला वडील पोट धरून हसले. परतताना लोकलमध्ये ते म्हणाले, “झ्याक वाजवलास रं!” मी दादरपर्यंत एक शब्द बोललो नाही. त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. मी सलग एखादी चाल वाजवताना त्यांनी मुंबईत कधीच ऐकलं नाही.

त्या रात्रीपासून ब्राउन माझे झाले. आमचा अपमान एकच आहे असं मी ठरवून टाकलं. आता मला हे ठरवणं पटत नाही. नॅन्टन यांचं १९४० सालचं ‘को-को’ ऐका; त्यात फजिती कुठेच नाही, उलट पोटातून आलेली आर्त हाक आहे. वाटीला हलकं मानणं हा माझा गर्व होता आणि कदाचित ब्राउन यांचाही. शिवाय वडिलांना ते खरोखर आवडलं होतं, ही गोष्ट मी इतकी वर्षं हिशेबातच धरली नाही.

आणि तरीही. १९६३ च्या त्या दौऱ्यातून पुढे ‘फार ईस्ट स्वीट’ (Suite) ही रचनामाला तयार झाली आणि १९६६ च्या अखेरीस रेकॉर्ड झाली. त्यात आग्र्याचा तुकडा सॅक्सोफोनवादक हॅरी कार्नी यांच्या वाट्याला आला आणि ‘अमद’ ब्राउन यांच्या. त्यात ते अजानसारखे लांब सूर धरतात, कुठेही घाई करत नाहीत. चार वर्षांनी त्यांनी बँड सोडला आणि वाद्यही सोडलं. ते सोडायला नको होतं असं मी मुलांना सांगतो, तेव्हा एखादं पोर माझ्या कपाटावरच्या ट्रॉम्बोनच्या पेटीकडे बघतं आणि मी विषय बदलतो.