पिंपाची घडवंची

झारी तोटीखाली जात नव्हती, एवढंच कारण. छपराचं पाणी साठवायला मी बागेत दोनशे लिटरचं पिंप आणून ठेवलं, पन्हळीचा पाइप त्यात सोडला, डासांसाठी तोंडाला जाळी बांधली, तळापासून चार बोटं वर तोटी बसवली आणि मग लक्षात आलं की या तोटीखाली मावेल असं घरात एकच भांडं आहे, वाटी. वाटीवाटीने पाणी घालण्याइतकी बाग लहान नाही आणि मी अजून निवृत्तही झालेलो नाही. पिंप उंचावर चढवणं भाग होतं.

त्यासाठी जे करायचं त्याला सगळे स्टँड म्हणतात. मला मात्र 'घडवंची' आठवली. घडे ठेवायची ती घडवंची. हल्ली या शब्दाला काही काम उरलेलं नाही. म्हटलं, लाकडाबरोबर त्यालाही कामाला लावू.

रिकामं पिंप मी काखोटीला मारून आणलं होतं आणि फसलो तो तिथेच. हाताला जे वजन आठवत होतं त्याच्याच हिशेबाने घडवंची केली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेपासून पाठ आहे. पण दोनशे लिटर म्हणजे तीन मोठी माणसं एका चौरंगावर दिवसरात्र उभी, असं कोणी शिकवलं नव्हतं. चार पाय उभे केले, त्यांना बाहेरून आडव्या पट्ट्या स्क्रूने आवळल्या, पट्ट्यांवर फळ्या टाकल्या. दिसायला झकास. फक्त फळ्यांचा भार पट्ट्यांवर, पट्ट्यांचा स्क्रूंवर आणि पाय आपले बाजूला फोटोपुरते उभे.

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर छपरावर पडला की एक लिटर पाणी होतं. माझ्या पन्हळीकडे साधारण वीस चौरस मीटर छप्पर उतरतं. म्हणजे दहा मिलिमीटर पावसात पिंप काठोकाठ, आणि तेवढा पाऊस एका रात्रीत सहज होतो. तसा तो झाला. सकाळी पाहतो तर पिंप भिंतीला कान लावून आतलं बोलणं ऐकत असल्यासारखं कललेलं. दोन स्क्रू वाकले होते आणि एक पट्टी स्क्रूच्या भोकापासून रेषेरेषेने उभी चिरत गेली होती. लाकूड धाग्यांच्या दिशेने किती मुकाट्याने फाटतं! रात्री काही आवाजसुद्धा आला नव्हता.

दुसऱ्या खेपेला पायांच्या माथ्याला खाचा केल्या. करवतीने दोन काप घ्यायचे, मग पटाशी लावून मधला तुकडा काढायचा. पटाशीला धार असेल तर पापुद्रे सुटतात, नसेल तर लाकूड नुसतं चुरगळतं. (माझी तिसऱ्या खाचेपर्यंत चुरगळतच होती. मग शहाणपण आलं आणि धार लावली.) चौथ्या खाचेत पट्टी अशी बसली की हातोडीच्या एका टिचकीने आत गेली आणि उपसायला जोर लावावा लागला. दुकानातून आणलेल्या कोणत्याही वस्तूने मला इतका आनंद दिलेला नाही. आता पट्टी लाकडावरच टेकते, भार सरळ पायांतून खाली उतरतो आणि स्क्रूंना फक्त पट्टी जागेवर धरायचं काम उरतं.

तरी घडवंची हलवली की नव्या वासरासारखी डुलायची. चौकोनाचा हा स्वभावच आहे, चारही बाजूंची लांबी कायम ठेवून तो खुशाल कलतो. त्रिकोणाला ते जमत नाही. प्रत्येक बाजूला एकेक तिरकी पट्टी मारली तेव्हा डुलणं थांबलं.

जमिनीचं दुखणं वेगळंच. पिंप भरतं ते पावसात, आणि माती सगळ्यात मऊ असते तीही पावसातच. अगदी नेमक्या वेळी दगा! म्हणून चारही पायांखाली फरशीचे तुकडे घातले. पायांचे तळ आधी तेलरंगात बुडवून घेतले, कारण लाकूड कापलेल्या टोकाकडूनच जास्त पाणी पितं. समपातळी पाहायला पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकं समोरासमोरच्या पायांना लावली. पिंप सरळ बसणार की नाही, हेही पाण्यालाच विचारलं.

उंचीवरून घरात बरीच चर्चा झाली. आणखी वर चढवा, पाइपला जोर येईल, असा एक पक्ष होता. पण पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ तेव्हा कुठे हवेच्या दाबाइतका दाब देतो. माझ्या तीस सेंटिमीटरच्या घडवंचीची भर त्याच्या तीन टक्के. त्यासाठी दोनशे किलोंचं धूड माणसाच्या छातीइतकं उंच नेऊन ठेवायला माझी छाती झाली नाही. उंची झारीनेच ठरवावी, असं मी जाहीर केलं. झारी टेबलावर ठेवून बुडापासून तोंडापर्यंत पट्टीने दोनदा मोजली.

आठवड्याभराने पिंप पुन्हा भरलं. घडवंची तसूभर हलली नाही. मी ऐटीत झारी घेऊन गेलो, तोटीखाली सरकवली आणि खट्! तोंडाच्या वर चांगली वीतभर कमान करून गेलेली झारीची मूठ तोटीला जाऊन अडकली होती. ती मोजायची राहूनच गेली होती. सध्या झारी तिरकी धरून भरतो. अर्धीच भरते.