मामाजींची नाडी, त्यांचं विसरणं आणि आमची धावपळ – माझा अनुभव

घरात कुणाला एएफ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके बेताल पडण्याचा आजार), सांगितलंय आणि त्याच माणसाचं विसरणंही वाढलंय, असं असेल तर हे वाचा. आम्हाला ह्या दोन गोष्टींचा संबंध कुणी सांगितलाच नव्हता, हृदयाच्या गोळ्या वेगळ्या आणि विसरणं म्हणजे वय झालं, असंच सगळे म्हणायचे.

आमचे मामाजी म्हणजे माझे सासरे, सत्तरी ओलांडलेली, गाव आर्वी तालुक्यात. शिक्षण चौथी पण कापसाचा हिशोब तोंडी, जिनिंगवर व्यापाऱ्याने कॅल्क्युलेटर काढेपर्यंत यांचा आकडा तयार. त्यांना एएफ आहे हे आशाताईंमुळे कळलं. त्या बीपी मोजत होत्या तर मशीनवर हृदयाचं चिन्ह लुकलुकायला लागलं, दरवेळी बीपीचा आकडाही वेगळाच, मग ताईंनी मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी पाहिली तर तिला तालच नाही, दोन ठोके लगेच लगेच, मग गॅप, मग तीन. ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढला तेव्हा पक्कं झालं. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, झडपा चांगल्या निघाल्या. रक्त पातळ करायची अ‍ॅसिट्रॉम सुरू झाली.

आता खरी गोष्ट. वेचणीच्या सीझनमध्ये मजुरीचा घोळ व्हायला लागला. वेचणीचे पैसे किलोवर असतात, वहीत एकेका बाईच्या नावापुढे रोजचे किलो आणि बाजाराच्या दिवशी चुकारा. मामाजी किलो बरोबर लिहायचे पण बेरजेत मधेच थांबायचे, एकच ओळ दोनदा धरायचे, एकीला तर आठवड्याचे पैसे दोनदा दिले, ती बिचारी स्वतः परत घेऊन आली. पण नावं, नाती, कोणत्या साली कोणत्या वावरात काय पेरलं, सगळं पाठ. त्यामुळे कुणाला ते विसरणं वाटेच ना.

त्यात आयएनआरचा ताप, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आकडा. अ‍ॅसिट्रॉमवर असलं की हे रक्त तपासत राहावं लागतं आणि त्यांच्यासारख्या पेशंटचं 2 ते 3 मध्ये पाहिजे, आमचं कधी दीडच्या खाली तर कधी चारच्या वर. खाली गेलं तर गुठळीची भीती, वर गेलं तर रक्तस्रावाची. एका डॉक्टरांनी पालेभाजीवर खापर फोडलं, झालं, सासूबाईंनी अंबाडी, चवळी, पालक सगळं बंद केलं, आणि मामाजी जेवणावर रुसले. तरी आकडा काही जागेवर येईना.

शेवटी सेवाग्रामला कस्तुरबा हॉस्पिटलमध्ये गेलो. (आसपासच्या गावांतले लोक पूर्वी ज्वारी देऊन आरोग्य विमा काढायचे ते हेच हॉस्पिटल.) तिथल्या मॅडमनी भाजीचं ऐकून घेतलं, म्हणाल्या भाजी बंद नका करू, रोज साधारण सारखी खाऊ द्या, आणि मग सरळ विचारलं, गोळी देतं कोण? आम्ही म्हटलं ते स्वतःच घेतात. घरी येऊन मी पाकिटं मोजली तर हिशोबच लागेना. काही दिवस घेतलीच नव्हती, काही दिवस दोनदा घेतलेली दिसत होती. विचारलं तर ‘गोयी घेतली ना वं बाई, किती खेपा इचारतं’. आणि ते खोटं बोलत नव्हते हो, त्यांना खरंच घेतल्यासारखं वाटायचं. ज्या माणसाचं विसरणं वाढतंय त्यालाच एवढ्या नाजूक गोळीची आठवण ठेवायला लावली होती सगळ्यांनी.

पुढच्या खेपेला मोका नावाची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती पाहायची टेस्ट घेतली, 30 मार्कांची असते, 26 किंवा जास्त असले की नॉर्मल धरतात, कमी शिकलेल्यांना एक मार्क जास्त देतात पण मॅडम म्हणाल्या चौथी शिकलेल्या माणसाचा नुसता आकडा पाहून काही ठरवायचं नाही, कुठे अडतो ते पाहायचं. घड्याळ काढायला सांगितलं. गोल छान काढला, आकडे पण लिहिले, पण बारापासून पाचपर्यंतच निम्म्याहून जास्त गोल भरला आणि उरलेले आकडे एका कोपऱ्यात कोंबले, अकरा वाजून दहाचे काटे दाखवताना पेन्सिल दहावरच गेली. मी बाजूलाच बसले होते, बोलायची परवानगी नव्हती. पाच शब्द लक्षात ठेवायचे होते, त्यातले थोडेच आठवले, पण ‘एक रंग होता ना?’ असं सुचवलं की लगेच सांगायचे. मॅडम म्हणाल्या शब्द आत साठलाय, बाहेर काढायला वेळ लागतोय, हे मेंदूच्या रक्तपुरवठ्याच्या त्रासात जास्त दिसतं.

थायरॉइड आणि बी12 पण तपासले, कारण त्यानेही विसरायला होतं आणि ते औषधाने सुधारतं. ते नीट निघालं. एमआरआयमध्ये मात्र जुने छोटे छोटे डाग दिसले, मामाजींना लकवा कधीच झाला नव्हता तरी. समजावून सांगितलं की हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात, डाव्या कप्प्याच्या एका पिशवीसारख्या भागात रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत गेली तर स्ट्रोक, एएफमध्ये हा धोका साधारण पाचपट. बारीक तुकडे गेले तर हात-पाय वाकडे होत नाहीत, कळतही नाही, पण डाग साचत जातात. शिवाय ठोके असे वेडेवाकडे पडले की मेंदूला रक्त पण एकसारखं जात नाही. बीपी-शुगरचाही वाटा असतोच, सगळं एएफवर टाकता येत नाही.

गोळीने स्मरणशक्ती परत येईल का, हे मी विचारलंच. नाही म्हणाल्या, गेलेलं परत आणायला ती गोळी नाही, पुढचा स्ट्रोक टाळायला आहे. मी नंतर वाचलं की स्वीडनमध्ये 4 लाखांवर एएफ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या होत्या, 2018 मध्ये छापून आलं, रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाचा (विसरण्याच्या आजाराचा) धोका 29 टक्के कमी दिसला. पण ह्या नुसत्या नोंदी आहेत, औषध नीट घेणारी माणसं एरवीही तब्येतीला जपणारी असू शकतात, म्हणून मी घरात कुणाला तसली आशा लावली नाही.

झडपेचा त्रास नसल्यामुळे अ‍ॅसिट्रॉम बदलून अ‍ॅपिक्साबॅन दिली, तीही रक्त पातळ करणारीच, सकाळ-संध्याकाळ. आयएनआरच्या चकरा सुटल्या, पण ह्या गोळीचा असर लवकर उतरतो, डोस चुकवून चालत नाही. म्हणून पाकीट आता माझ्याकडे, प्रत्येक गोळीमागे मार्करने तारीख आणि स/सं लिहिते, आणि ते पाणी पिईपर्यंत समोर उभी राहते. सुरुवातीला चिडले, ‘मी का लेकरू हाय का’ म्हणून. मग आमच्या पोराला कामाला लावलं, नातवाने गोळी दिली की मुकाट घेतात. मजुरीची वहीही काढून घेतली नाही, किलो तेच लिहितात, बेरीज माझे मिस्टर करतात.

अजून एक, गुडघा दुखला की गावात कुणीही दुखण्याचं इंजेक्शन टोचून देतं, मेडिकलमधूनही गोळी मिळते. रक्त पातळ करणाऱ्या औषधावर ते घातक ठरू शकतं, पोटात रक्तस्राव होतो, म्हणून त्यांच्या खिशात औषधाच्या नावाची चिठ्ठीच ठेवली आहे आणि मेडिकलवाल्याला पण सांगून ठेवलंय.

पोळा झाला की क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करायचंय, कारण ह्या गोळीचा डोस वय, वजन आणि किडनी पाहून ठरतो, आणि मोकाही त्याच दिवशी परत घेणार आहेत.