विमानातील संगणकाला नेमके काय सांगायचे

विमानाच्या उड्डाण-नियंत्रण संगणकाचे सॉफ्टवेअर तयार करतो असे सांगितले की ऐकणाऱ्याला वाटते, माझा दिवस कोड लिहिण्यात जात असेल. प्रत्यक्षात कोडला थोडाच वेळ लागतो. बहुतेक वेळ जातो तो संगणकाने काय करावे हे निःसंदिग्धपणे लिहिण्यात, त्यातल्या उणिवा शोधण्यात आणि कोडमधील प्रत्येक ओळ त्या लेखनातील कोणत्या वाक्यासाठी आहे हे दाखवण्यात. या लेखनाला आम्ही रिक्वायरमेंट म्हणतो, आणि प्रवाशांची सुरक्षितता कोडपेक्षा तिच्यावर अधिक अवलंबून असते, असे माझे ठाम मत आहे.

या क्षेत्रातील डीओ-१७८सी हे मानक २०११ सालचे आहे. बिघाडाचा परिणाम किती गंभीर होईल, त्यावरून सॉफ्टवेअरला ए ते ई यांपैकी एक स्तर मिळतो. ज्याच्या बिघाडाने विमानच गमावले जाऊ शकते ते ए स्तराचे. अशा घटनेची शक्यता दर उड्डाण-तासाला एक अब्जांशाहून कमी असावी, ही अपेक्षा संपूर्ण प्रणालीकडून असते. सॉफ्टवेअरला मात्र असा आकडा लावता येत नाही, कारण ते झिजत नाही. त्यातील चूक पहिल्या दिवसापासून आत असते आणि तिला पोषक परिस्थिती आली की प्रकट होते. म्हणून मानक कार्यपद्धतीत काटेकोरपणा मागते: ए स्तरासाठी ७१ उद्दिष्टे, आणि त्यांपैकी ३० बाबतींत काम करणारा वेगळा व तपासणारा वेगळा.

ए स्तराची एक कसोटी मला विशेष मोलाची वाटते. एखादा निर्णय तीन अटींवर अवलंबून असेल, तर त्यांतील प्रत्येक अट एकटीच्या बळावर तो निर्णय बदलू शकते, हे चाचण्यांमधून सिद्ध करावे लागते. निरुपयोगी किंवा चुकीची जोडलेली अट तिथे सहसा उघडी पडते. पण मुळात अटच अपुरी निवडली असेल, तर ही कसोटी निर्वेधपणे पार होते.

१४ सप्टेंबर १९९३ रोजी वॉर्सा येथे लुफ्तान्साचे एअरबस ए३२० उतरत होते. पंखांवरचे स्पॉयलर, म्हणजे वर उभ्या राहणाऱ्या झडपा, जमिनीवर उघडल्या की पंखांची उचल कमी होते, भार चाकांवर येतो आणि ब्रेक नीट लागतात. हेच हवेत झाले तर घात होऊ शकतो. म्हणून नियम असा होता, की मुख्य चाकांच्या दोन्ही पायांवर प्रत्येकी किमान ६.३ टन भार यावा, किंवा चाके ७२ नॉटहून (ताशी सुमारे १३३ किलोमीटर) अधिक वेगाने फिरावीत, तरच स्पॉयलर उघडतील. विमान थांबवण्यासाठी इंजिन जो उलटा जोर लावते, त्याला तर दोन्ही पायांवरचा भारच हवा होता. वाऱ्याच्या झोताची सूचना असल्याने वैमानिकांनी वेग थोडा जास्त ठेवला होता आणि उजवा पाय आधी टेकवला. डावा पाय टेकण्यास सुमारे नऊ सेकंद लागली आणि ओल्या धावपट्टीवर चाकांनी वेळेत वेग घेतला नाही. विमान धावपट्टीबाहेर जाऊन बांधावर आदळले आणि दोन जणांचा मृत्यू झाला.

संगणक बिघडला नव्हता. त्याने सांगितल्याबरहुकूम काम केले. ती अटही अनाठायी नव्हती, कारण मे १९९१ मध्ये थायलंडवर लाउडा एअरच्या बोईंग ७६७ चा उलटा जोर हवेतच सुरू झाला आणि २२३ जण प्राणांना मुकले. विमान जमिनीवर आहे हे संगणकाला थेट दिसत नाही. भार, वेग, उंची यांच्या संवेदकांवरून त्याला ते ताडावे लागते. हे ताडणे कोणत्या हवेत, कोणत्या धावपट्टीवर फसेल, हा प्रश्न आमच्या टेबलावर बसून सुटत नाही. त्यासाठी वैमानिक आणि चाकांची यंत्रणा बनवणारे अभियंते बैठकीला हवेतच.

आम्ही स्वतः भर घातलेल्या रिक्वायरमेंटबद्दल मी अधिकच आग्रही असतो. संवेदकाचा संकेत थरथरतो म्हणून कोणी अर्ध्या सेकंदाची गाळणी सुचवते, म्हणजे संकेत तेवढा वेळ स्थिर राहिला तरच तो खरा मानायचा. तांत्रिकदृष्ट्या ती योग्यही असते, परंतु तो अर्धा सेकंद उतरणाऱ्या विमानाच्या वाट्याचा असतो. अशी प्रत्येक भर सुरक्षा-विश्लेषण करणाऱ्यांकडे कारणासह गेलीच पाहिजे. मानक तेच सांगते, तरी वेळापत्रकाच्या दबावाखाली कारणाचा रकाना एका ओळीत उरकण्याचा मोह सर्वत्र असतो.

२०१५ मध्ये एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने बोईंग ७८७ बाबत आदेश काढला: वीजपुरवठा २४८ दिवस अखंड चालू राहिला, तर जनरेटर-नियंत्रकांतील काउंटर ओसंडतो, म्हणजे त्याची मोजण्याची कमाल मर्यादा ओलांडली जाते, आणि उड्डाणात सर्व एसी वीज जाऊ शकते. चिन्हासहित ३२ बिटांचा काउंटर शतांश सेकंद मोजत असेल, तर तो नेमका एवढ्याच दिवसांत भरतो. तेव्हापासून तपासणीत कोणताही काउंटर समोर आला, की त्या उपकरणाची वीज सलग किती काळ चालू राहू शकते हे मी विचारतो, उत्तर रिक्वायरमेंटमध्ये लिहून घेतो आणि काउंटर मर्यादेच्या किंचित आधीपासून सुरू करणारी एक चाचणी जोडायला लावतो.