पाठ असलेल्या गाण्यांची तालीम

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी या प्रश्नावर मी नुसती हसते. प्रश्न नेहमी एकच असतो: "ख्रिसमसची गाणी तर सगळ्यांना पाठ असतात, मग त्यांची तीन-तीन महिने तालीम कसली करता?" ज्यांनी आमच्या गायकवृंदाची तालीम दाराबाहेर बसून ऐकली आहे, ते वर आणखी एक विचारतात: "आणि त्यात अर्धा वेळ तुम्ही गोष्टी काय सांगत बसता?"

पाठ असतात हीच तर अडचण आहे. नवं गाणं बसवणं सोपं, माणसं समोरच्या कागदावर आहे तसं गातात. पाठ असलेलं गाणं मात्र प्रत्येकाच्या कानात वेगळं मुरलेलं असतं. एकाच्या कानात शाळेतलं, दुसऱ्याच्या कुठल्याशा जुन्या रेकॉर्डवरचं, तिसऱ्याच्या लिफ्टमध्ये वाजणारं. पंचवीस जण जमले की एका गाण्याच्या पंचवीस आवृत्त्या होतात. पहिला महिना आम्ही ती गाणी विसरायलाच शिकतो.

'जॉय टू द वर्ल्ड' घ्या. त्याची पहिली ओळ म्हणजे सां नी ध प म ग रे सा. शुद्ध स्वरांचा सरळ अवरोह, गाणं शिकणारं मूल पहिल्या आठवड्यात गातं तो. तोच पंचवीस जणांनी गायला की खालच्या सा-वर पोचेपर्यंत सगळा गट किंचित बेसूर झालेला असतो. उतरताना जो तो पायरीपेक्षा केसभर जास्तच उतरतो. निषाद आणि गंधार ढिले पडतात, आणि शेवटच्या कडव्यापर्यंत कीबोर्ड एकीकडे नि आम्ही दुसरीकडे. यावर एकच उपाय मला लागू पडलेला दिसला आहे: ओळ आधी उलटी गायची, सा-पासून वर, प्रत्येक सुरावर थांबत. मग उतरताना मनात जिना चढतोय असं धरायचं. शिवाय पहिलाच शब्द तार षड्जावर, तोही थंड गळ्याने. श्वास आधी भरलेला नसेल तर गाणं आनंदाने सुरू होण्याऐवजी दचकून सुरू होतं.

या गाण्याची गोष्ट तालमीला फारशी उपयोगी नाही, पण सांगून टाकते. आयझॅक वॉट्सने १७१९ मध्ये बायबलमधल्या ९८व्या स्तोत्रावरून हे शब्द लिहिले. त्यात ना गोठा, ना मेंढपाळ, ना तारा. ख्रिसमसचं म्हणून ते नंतर रूढ झालं.

'सायलेंट नाइट'चं मात्र उलटं आहे. तिथे गोष्ट कळली नाही तर गाणं बिघडतंच.

योजेफ मोर या तरुण पाद्र्याने १८१६ मध्ये ही कविता लिहिली होती. दोन वर्षांनी, २४ डिसेंबर १८१८ रोजी, ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावी त्याने ती फ्रान्झ झावर ग्रूबरच्या हाती दिली. ग्रूबर शेजारच्या गावातला शाळामास्तर, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. मागणी स्पष्ट होती: दोन आवाज, मागे गायकवृंद आणि साथीला गिटार. त्याच रात्री दोघांनी मिळून ते गायलं. मोरने वरचा आवाज आणि गिटार, ग्रूबरने खालचा आवाज. ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडला होता म्हणून गिटार घ्यावी लागली, ही लोकांची सगळ्यात आवडती गोष्ट. मलाही ती आवडते. पण ग्रूबरने १८५४ मध्ये या गाण्याचा जो वृत्तान्त स्वतः लिहून ठेवला, त्यात उंदीर नाहीत. तो लिहावा लागला कारण तोवर गाणं इतकं दूर गेलं होतं की त्याचा कर्ता कोण हेच लोक विसरले होते. बर्लिनच्या राजदरबारातून चौकशी आली, हे संगीतकार मिखाएल हायडनचं तर नाही ना? ऑर्गन दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने गाण्याची नक्कल ऑस्ट्रियातल्याच टिरोलच्या खोऱ्यात नेली होती. तिथल्या गाणाऱ्या कुटुंबांनी ते गावोगाव पोचवलं, आणि त्यांतल्या राइनर मंडळींनी १८३९ मध्ये थेट न्यूयॉर्कमध्ये गायलं. १९१४च्या ख्रिसमसला पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत बसलेल्या जर्मन शिपायांनी हेच म्हटलं आणि पलीकडच्या इंग्रजांनी कान दिला, ते तुम्हाला ठाऊक असेल.

आता यात तालमीचं काय? गिटार. मोरच्या हातची एक प्रत १९९५ मध्ये उजेडात आली. तिच्यातही साथ गिटारचीच आहे आणि ठेका सहा मात्रांचा, दादऱ्यासारखा झुलता. गिटारची तार छेडली की सूर विझत जातो, ऑर्गनसारखा धरून ठेवता येत नाही. म्हणजे गाणाऱ्याला रेंगाळायला जागाच नाही. आपण सगळे हे गाणं इतकं ठाय लयीत ओढतो की पाळण्यातलं बाळ झोपायच्या आधी खालच्या आवाजाचे बासवाले झोपतात. आम्ही महिनाभर कीबोर्ड बंद ठेवून नुसत्या गिटारवर सराव केला, तेव्हा कुठे ते झुलायला लागलं. दुसरी गोष्ट उच्चाराची. 'नाइट' लांबवताना आपण घाईने 'ई'वर जाऊन बसतो आणि सूर नाकात जातो. 'ना'मधला 'आ' शेवटपर्यंत धरायचा, 'ई' आणि 'ट' जाता जाता टेकवायचे. शेवटच्या 'पीस'मधला 'स' तर सगळ्यांनी एका क्षणी म्हणायला हवा, नाहीतर स्वर्गीय शांततेत कुकरची शिटी वाजते.

आणि हे गाणं सोपं आहे, हा आणखी एक गैरसमज. खालच्या षड्जापासून तार मध्यमापर्यंत त्याचा पल्ला आहे. एका सप्तकावर आणखी चार सूर. गंमत म्हणजे निवांत झोप असं म्हणताना पहिल्या खेपेला चाल त्या सर्वांत वरच्या सुरावर जाते. हे मला पुस्तकातून कळलं नाही, फजितीतून कळलं. एका कार्यक्रमात साथीशिवाय गायचं होतं आणि सूर द्यायचं काम माझ्याकडे होतं. आमचा सा होता काळी पाच, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी. मी ऐटीत पुढे झाले आणि काळी पाचच दिली, पहिला सूर म्हणून. पण हे गाणं षड्जावर सुरू होत नाही, पंचमावर होतं: प ध प ग. म्हणजे माझ्या कृपेने अख्खं गाणं चार सूर वर गेलं. पहिल्या दोन ओळी छान वाटल्या, जरा चमकदारच. तिसरीला वरच्या आवाजाच्या सोप्रानो माझ्याकडे वळून बघायला लागल्या. झोपेच्या ओळीला त्यांतल्या दोघीच गात होत्या, आणि त्या जे करत होत्या त्याला गाणं म्हणणं धाडसाचं ठरेल. पुरुषांनी समजूतदारपणे नुसते ओठ हलवले.

'हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग'मध्ये आमचा दोष वेगळा होता, आम्ही ते फार भक्तिभावाने गायचो. चार्ल्स वेस्लीचे मूळ शब्द १७३९चे, आणि पहिली ओळ तेव्हा वेगळीच होती. ती जॉर्ज व्हाइटफील्डने १७५३ मध्ये बदलली. चाल जर्मन संगीतकार मेंडेल्सझोनची, पण ती त्याने या शब्दांसाठी केलीच नव्हती. छपाईच्या शोधाला ४०० वर्षं झाली म्हणून लाइपझिगमध्ये १८४० साली गुटेनबर्गचा उत्सव झाला, त्यासाठी पुरुषांचे आवाज आणि पितळी वाद्यं घेऊन त्याने ही रचना केली. पुढे त्याने स्वतःच लिहून कळवलं की हिला दुसरे शब्द जरूर लावा, पण धार्मिक शब्द काही शोभणार नाहीत, हिची चाल शिपाईगडी थाटाची आहे. १८४७ मध्ये तो वारला आणि १८५५ मध्ये विल्यम कमिंग्जने नेमके धार्मिक शब्दच लावले! मेंडेल्सझोनचं म्हणणं खरं होतं असं मी म्हणणार नाही, गाणं उत्तम जमलंय. पण त्याचा शिपाई लक्षात ठेवला की लय सापडते. आम्ही खोलीत गोल फिरत, पाय आपटत सराव केला. खालच्या मजल्यावरून तक्रार आली, पण गाणं उभं राहिलं.

'ओ होली नाइट'बद्दल माझं मत जरा कडक आहे. बहुतेक गाणारे शेवटच्या उंच सुरासाठीच ते निवडतात आणि आधीची सगळी ओळ न् ओळ त्या सुराची वाट बघत काढतात. शब्द दक्षिण फ्रान्समधल्या रोकमोर गावच्या प्लासीद कापो या दारूच्या व्यापाऱ्याचे, चाल 'जिझेल' बॅलेचं संगीत देणाऱ्या आडोल्फ आदामची. १८४७ मध्ये त्या गावात ते पहिल्यांदा गायलं गेलं. नाटकी चढण त्यात असणारच, बनवणारा रंगभूमीचा माणूस. पण जॉन सलिव्हन ड्वाइट या अमेरिकन समीक्षकाने १८५५ मध्ये जे इंग्रजी केलं, त्याचं तिसरं कडवं वाचा. गुलाम हा आपला भाऊ आहे, बेड्या तुटतील, असं ते म्हणतं, आणि अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपायला अजून दहा वर्षं होती. वेळ वाचवायला कार्यक्रमांत नेमकं हेच कडवं गाळतात. आम्ही तालीम त्याच कडव्यापासून सुरू करतो. ते आधी नीट बोलायचं, मग गायचं. उंच सुराचं काय करायचं ते त्यानंतर आपोआप कळतं. निम्म्या जणांना तो घ्यावासाच वाटत नाही.

'कॅरल ऑफ द बेल्स' आम्हा आल्टोंचं, म्हणजे बायकांतल्या खालच्या आवाजांचं, लाडकं, कारण एरवी आमच्या वाट्याला एकाच सुरावर उभं राहणं येतं. इथे चार सुरांचा तुकडा आहे: कोमल गंधार, रिषभ, पुन्हा कोमल गंधार, षड्ज. तीन मात्रांत चार सूर, मधले दोन अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे, आणि तेच गाणंभर फिरत राहतं. गाताना लय हमखास पळते. तिसाव्या आवर्तनाला आपण कितव्यात आहोत याचा पत्ता नसतो. आम्ही घंटा घणघणल्यासारखं जोर लावून गायचो, म्हणून दमायचो आणि म्हणूनच पळायचो.

मग गोष्ट कळली. या गाण्यात मुळात घंटा नाहीतच. हे युक्रेनचं 'श्चेद्रिक', तिथल्या नव्या वर्षाच्या लोकगीतावरून मिकोला लेओन्तोविचने बांधलेलं. कीव्हमध्ये १९१६ साली ते पहिल्यांदा गायलं गेलं. त्यात एक भिंगरी पक्षी घराशी उडत येतो आणि मालकाला हाका मारतो: बाहेर ये, बघ, तुझ्या मेंढ्यांना कोकरं झाली आहेत, यंदा भरभराट आहे. लेओन्तोविचला जानेवारी १९२१ मध्ये वडिलांच्या घरी सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या माणसाने गोळी घातली. तो ४३ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात युक्रेनच्या गायकवृंदाने हे गाणं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये सादर केलं. पीटर विल्हाउस्कीला त्यात घंटा ऐकू आल्या आणि १९३६ मध्ये त्याने इंग्रजी शब्द घातले. त्या दिवशी आम्ही घंटा सोडून दिल्या. चार सूर चिवचिवल्यासारखे, ओठांच्या टोकावर, अगदी हलके घेतले. लय थांबली जागच्या जागी.

'जिंगल बेल्स'ला तालीम लागत नाही, लगाम लागतो. जेम्स पिअरपॉण्टने ते १८५७ मध्ये बर्फावरच्या घसरगाडीचं गाणं म्हणून छापलं, ख्रिसमसचा त्यात शब्दही नाही. पुढे १९६५ मध्ये जेमिनी ६ यानातल्या दोघा अंतराळवीरांनी लपवून नेलेल्या माउथ ऑर्गनवर आणि घुंगरांवर ते वाजवलं, म्हणून पोरं ते आनंदाने ऐकतात. तेवढंच.

शेवटी 'व्हाइट ख्रिसमस'. हे आपण सर्वांत हलक्यात घेतो आणि सर्वांत बेसूर गातो. ग म ग, मग कोमल ग, परत शुद्ध ग, म, तीव्र म, प. पहिल्या ओळीतच दोन्ही गंधार आणि दोन्ही मध्यम, शेजारी शेजारी. जरा सैल सोडलं की सगळं एकमेकांत मिसळतं. गीतकार-संगीतकार अर्व्हिंग बर्लिनने त्याला सुरुवातीचं एक कडवं दिलं होतं: लॉस एंजलिसजवळ बेव्हर्ली हिल्स, २४ डिसेंबर, ऊन पडलंय, संत्र्याची नि ताडाची झाडं डुलताहेत आणि गाणाऱ्याला उत्तरेकडे जायचंय. गायक बिंग क्रॉस्बीने मे १९४२ मध्ये रेकॉर्ड केलं तेव्हा ते कडवं घेतलं नाही, म्हणून ते फारसं कुणाला माहीत नाही. ते वाचलं की पुढच्या ओळीतलं बर्फ खिडकीबाहेरचं राहत नाही. ते गाणाऱ्यापासून फार लांब आहे, आणि ते अर्धे सूर म्हणजे त्याची चुळबुळ. यंदा आम्ही ते कडवं म्हणणार आहोत, आमच्यातली एक आल्टो एकटी.

पहिला सूर कोण देतं, असं तुम्ही आता विचारालच, कारण हे गाणंही षड्जावर सुरू होत नाही. ते काम त्या कार्यक्रमानंतर एका सोप्रानोने काढून घेतलं. मला म्हणाली, "ताई, तुम्ही गोष्टी सांगा."