चौदा महिन्यांचा संसार

आज, २० ऑगस्ट २०१९ला, संध्याकाळी साडेसहापासून इटलीच्या सिनेटचं थेट प्रक्षेपण बघत बसले. गॅसवरचं वरण दोनदा उतू गेलं. पंतप्रधान कोन्ते ज्याला बेजबाबदार म्हणत होते तो त्यांचाच गृहमंत्री आणि ‘लीग’ पक्षाचा नेता साल्व्हिनी अगदी त्यांच्या शेजारीच! राजकारणात धार्मिक प्रतीकं मिसळू नका, असं ऐकताच पठ्ठ्याने जपमाळ काढून तिचा मुका घेतला. २०१८च्या निवडणुकीत ‘फाइव्ह स्टार’ पक्षाला ३२ टक्के मतं, ‘लीग’ला १७. तीन महिने घोळ घालून दोघांनी सरकारची मोट बांधली. यंदा मे महिन्यात युरोपीय संसदेच्या निवडणुकीत लीग ३४वर गेली आणि धाकट्याला थोरलं व्हायची घाई झाली; साल्व्हिनीने स्वतःच्याच सरकारवर अविश्वास ठराव आणला. तेही ऐन ऑगस्टमध्ये, अर्धा देश समुद्रावर असताना! कोन्तेंनी मात्र ठरावावरच्या मतदानाआधीच राजीनामा जाहीर केला.