चाकूच्या पाठीवरची मधमाशी

घडीच्या चाकूला लागतं काय? पातं, मूठ आणि पातं उघडं धरून ठेवणारी स्प्रिंग. कापाकापीला एवढं पुरतं. तरी फ्रान्समधल्या लायोल गावचा चाकू हातात घेतला, की नजर पात्याच्या धारेवर न जाता पाठीवर जाते. पातं जिथे मुठीला मिळतं, नेमकं तिथे एक मधमाशी बसलेली असते.

ही माशी नेपोलियनने दिली, असं हमखास सांगतात. लायोलच्या पोरांनी लढाईत पराक्रम गाजवला, सम्राट खूश झाला, आणि त्याने स्वतःचं राजचिन्ह चाकूवर मिरवायची परवानगी दिली. गोष्ट झकास आहे. मधमाशी नेपोलियनचं चिन्ह होती, हेही खरं. तारखा तेवढ्या जुळत नाहीत. नेपोलियन वारला १८२१ मध्ये. पिएर-झां काल्मेलने हा चाकू घडवला तो १८२९ च्या सुमारास, आणि माशी त्यावर बसली ती थेट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. सम्राटाचं बक्षीस फारच रमतगमत आलं म्हणायचं!

त्याआधी तिथे होतं स्प्रिंगचं चपटं टोक. सुरुवातीला ते साधंच असे. पुढे कुणी त्यावर फूल काढलं, कुणी पान, कुणी क्रूस. हातात कानस आणि समोर नखाएवढी मोकळी जागा असली की कारागिराला राहवत नाही, हे कारण मला राजाज्ञेपेक्षा जास्त पटतं. स्प्रिंगच्या पाठीवरही तो कानशीने वेलबुट्टी काढतो, तिरके छेद घेतो. हे वळण हस्ताक्षरासारखं ज्याचं त्याचं असतं. मशीनवरच्या नक्षीत सगळे छेद एका मापाचे. हाताच्या कामात एखादा किंचित खोल गेलेला असतो.

मुठीच्या एका बाजूला बारीक खिळ्यांचा क्रूस असतो. लायोलच्या परिसरातल्या ओब्राकच्या पठारावर उन्हाळाभर गुरं-मेंढरं राखणाऱ्यांना चर्च लांब पडे, म्हणून ते चाकू पावात रोवून त्या क्रूसापुढे प्रार्थना करत, असं म्हणतात. या गोष्टीचा पुरावा मात्र मागावासा वाटत नाही. प्रार्थना संपल्यावर त्या पावाचं काय होत असेल, ते उघडच आहे.

याउलट ओपिनेल या दुसऱ्या फ्रेंच घडीच्या चाकूची खूण. १५६५ मध्ये राजा नववा शार्ल याने हुकूम काढला, की प्रत्येक चाकूवाल्याने आपल्या मालावर स्वतःची खूण उमटवावी. त्या रिवाजाला धरून १९०९ मध्ये झोसेफ ओपिनेलने मुकुट घातलेला हात निवडला. मुकुट साव्हॉयच्या जुन्या डचीचा, म्हणजे ड्यूकच्या राज्याचा, हात सां-झां-द-मोरियेन गावच्या चिन्हातला. कारभार सगळा सरकारी. तरी त्या हाताची आशीर्वाद देणारी बोटं संत योहानाची, म्हणजे श्रद्धा तिथेही शिरलीच.

लायोल नावाचे चाकू आज लायोलपेक्षा फ्रान्समधल्याच थिएर शहरात जास्त बनतात, शिवाय पार आशियातही. माशी सगळ्यांवरच बसते. त्यामुळे तिचे पंख किती सुबक आहेत यावर जाऊ नये, ती स्प्रिंगला चिकटली कशी आहे ते बघावं. चांगल्या हातकामात बहुधा माशी आणि स्प्रिंग पोलादाच्या एकाच तुकड्यातून घडवलेली असते. स्वस्तातली माशी वेगळी करून वेल्ड केलेली असते, आणि उजेडात तिरका धरला की सांध्याची रेघ दिसते. चीज मात्र दोन्ही चाकू कापतात, हे मान्य करायला हवं.